वेगाची किंमत कोणी मोजायची?

२९ मार्च २०२२ रोजी एका ग्राहकाने रोनिन नावाच्या संगणकी जाळ्यातून आपले पाच हजार ईथर काढून घेण्याचा प्रयत्न केला. ते निघेनात. ईथर हे इथेरिअम या जाळ्याचे चलन असून त्या दिवसांच्या भावाने ही रक्कम दीड कोटी डॉलरांहून अधिक होती. ग्राहकाने तक्रार केली, चौकशी सुरू झाली आणि तिजोरी सहा दिवसांपूर्वीच रिती झाल्याचे उघडकीस आले. २३ मार्च रोजी अवघ्या दोन व्यवहारांत १,७३,६०० ईथर आणि डॉलरशी मूल्य जोडलेल्या दुसऱ्या एका नाण्याचे २ कोटी ५५ लाख नग चोरट्यांनी उचलले होते. एकूण नुकसान साठ कोटी डॉलरांच्या पुढे गेले. पुढे एप्रिलमध्ये अमेरिकेच्या एफबीआयने या चोरीबद्दल उत्तर कोरियाशी संबंधित ‘लाझारस’ या टोळीकडे बोट दाखवले. ज्या खातेवहीची सारी थोरवी ती सर्वांना उघडी आहे यात सांगितली जाते, त्या वहीतील एवढी मोठी नोंद सहा दिवस कोणाच्याही नजरेस पडू नये, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

या चोरीत कोणी गणित मोडले नव्हते. ब्लॉकचेनचा पाया असलेली कूटलेखनाची शास्त्रीय पद्धत जशीच्या तशी अभंग राहिली. मोडले ते दुसरेच काही. रोनिन हे जाळे व्हिएतनाममधील स्काय मेव्हिस या कंपनीने आपल्या ‘अ‍ॅक्सी इन्फिनिटी’ या खेळासाठी उभारले होते. फिलिपाइन्ससारख्या देशांत २०२१ साली हा खेळ अनेकांच्या कमाईचे साधन बनला होता. इथेरिअमवर प्रत्येक व्यवहारास वेळ लागे आणि शुल्कही भारी पडे. म्हणून वेगाने आणि जवळजवळ फुकटात व्यवहार उरकणारी स्वतंत्र साखळी हवी होती. ती मिळाली, परंतु त्यासाठी हजारो यंत्रांच्या पहाऱ्याऐवजी नऊ पहारेकऱ्यांवर काम भागवण्यात आले, आणि त्यांतील पाचांची सही पुरेशी मानण्यात आली. वेगासाठी जी सवलत घेतली, तिच्यातूनच चोर आत शिरले. गेल्या दहा-बारा वर्षांत जलद व्यवहारांसाठी रचलेल्या अनेक साखळ्यांवर जे हल्ले झाले, किंवा होऊ शकतात असे संशोधकांनी दाखवून दिले, त्यांतील बहुतेकांची कथा थोड्याफार फरकाने हीच आहे.

दहा मिनिटांचा अर्थ

संगणकी चलनापुढील मूळ अडचण साधी आहे. कागदी नोट दुसऱ्याला दिली की ती देणाऱ्याच्या हातात उरत नाही. संगणकावरील नोंदीची मात्र हवी तितक्या वेळा नक्कल करता येते. तेच नाणे सकाळी एका दुकानदाराला आणि दुपारी दुसऱ्याला देणाऱ्या लबाडाला अडवायचे कोणी? बँकेच्या व्यवस्थेत हे काम बँकेची खातेवही करते. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी प्रसिद्ध झालेल्या निबंधाने हे काम कोणत्याही मध्यस्थाशिवाय करण्याची रीत मांडली, आणि जानेवारी २००९ मध्ये बिटकॉइनचे जाळे सुरू झाले.

या रीतीत खातेवहीची प्रत जाळ्यातील सर्व संगणकांकडे असते. नव्या व्यवहारांचे एक पान तयार होते, त्याला ब्लॉक म्हणतात. हे पान वहीला जोडण्याचा मान ज्याने एक किचकट गणिती कोडे आधी सोडवले त्याला मिळतो. प्रत्येक पानावर मागील पानाची खूण असल्यामुळे जुने पान बदलायचे तर त्यानंतरची सगळी पाने नव्याने तयार करावी लागतात, आणि तेवढ्या काळात बाकीचे जग पुढे निघून गेलेले असते. क्वचित दोन ठिकाणी एकाच वेळी कोडे सुटते आणि साखळीला फाटा फुटतो. अशा वेळी ज्या फाट्यावर अधिक श्रम खर्ची पडले असतील तो खरा, आणि दुसरा रद्द, असा नियम आहे. एखाद्याच्या हाती जाळ्यातील निम्म्याहून अधिक गणनशक्ती आली, तरच तो या नियमाचा आधार घेऊन झालेले व्यवहार हमखास पुसू शकतो.

हे कोडे सरासरी दहा मिनिटांत सुटावे अशी योजना बिटकॉइनमध्ये आहे. हा आकडा अनेकांना आळशीपणाचा वाटतो. वस्तुतः त्यात एक शहाणपण आहे. नवे पान तयार झाल्याची वार्ता जगभर पोहोचायला वेळ लागतो. झुरिच येथील डेकर आणि वाटनहोफर या संशोधकांनी २०१३ साली याचे मोजमाप केले. निम्म्या संगणकांपर्यंत पान पोहोचण्यास सुमारे साडेसहा सेकंद लागत, सरासरी साडेबारा सेकंदांच्या आसपास पडे, आणि चाळीस सेकंद उलटल्यावरही शंभरांतील पाच संगणकांना त्याचा पत्ता नसे. दहा मिनिटांच्या तुलनेत हे काही सेकंद नगण्य ठरतात. वार्ता सर्वांपर्यंत पोहोचते, सारे जण एकाच पानावर येतात आणि मगच पुढचे पान लिहिले जाते. ती दहा मिनिटे म्हणजे सर्वांना बरोबर घेऊन चालण्यासाठी राखलेली फुरसत होय.

या फुरसतीची किंमत मोठी आहे, हे मान्य केले पाहिजे. बिटकॉइनमध्ये सेकंदाला फार तर सातएक व्यवहार होतात. क्रेडिट कार्डांची जाळी हजारोंनी व्यवहार पार पाडतात. शिवाय मोठी रक्कम पक्की मानण्यापूर्वी आणखी सहा पाने जोडली जाईपर्यंत, म्हणजे सुमारे तासभर, थांबण्याचा प्रघात आहे. चहाच्या पैशांसाठी कोणी तासभर खोळंबत नाही. तेव्हा वेगाची मागणी ही केवळ सटोडियांची हाव होती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रश्न मागणीचा नाही. ती कशी पुरवली गेली याचा आहे.

घाईतील गणित

सर्वांत सोपा उपाय डोळ्यांसमोर होता: दहा मिनिटांऐवजी अडीच मिनिटे, अर्धा मिनिट, दहा सेकंद करावीत. २०११ साली निघालेल्या लाइटकॉइनने अडीच मिनिटांचे पान पत्करले, आणि पुढे इतरांनी हा काळ सेकंदांवर आणला. परंतु जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील योनातन सोम्पोलिन्स्की आणि अवीव झोहर यांनी २०१३ मध्ये या उपायातील खोट दाखवून दिली. पाने भराभर लिहिली जाऊ लागली की मागच्या पानाची वार्ता पोहोचण्यापूर्वीच पुढची पाने तयार होतात. ठिकठिकाणी फाटे फुटतात. प्रामाणिक माणसांचे श्रम एकमेकांच्या विरोधात खर्ची पडतात आणि वाया जातात.

एक कल्पित उदाहरण घेतले म्हणजे हे स्पष्ट होईल. समजा, प्रामाणिक मंडळींनी ठरावीक काळात शंभर पाने लिहिली आणि त्यांतली चाळीस फाट्यांवर पडून बाद झाली. मुख्य साखळी साठच पानांनी वाढली. हल्लेखोर मात्र एकाच जागी बसून गुपचूप स्वतःची साखळी लिहीत असतो. त्याला दूरच्या वार्तेची वाट पाहावी लागत नाही, म्हणून त्याचे एकही पान वाया जात नाही. त्याने त्याच काळात एकसष्ट पाने लिहिली तरी त्याची साखळी लांब ठरते. म्हणजे एकूण शक्तीच्या पन्नास टक्क्यांऐवजी अडतीस टक्के त्याला पुरे होतात. आकडे परिस्थितीनुसार बदलतील. पण दिशा बदलणार नाही. घाई वाढते तसतसा बहुमताचा बुरूज खचत जातो.

या दोघा संशोधकांनी केवळ दोष दाखवला नाही, उपायही सुचवला. लांबीने साखळी निवडू नये. ज्या शाखेच्या पोटात फाट्यांसह अधिक पाने आहेत ती निवडावी, म्हणजे बाद झालेले श्रमही हिशेबात येतील. ‘घोस्ट’ या नावाने ही पद्धत ओळखली जाते. जुलै २०१५ मध्ये सुरू झालेल्या इथेरिअमने या विचारातील काही अंश उचलला आणि बाद पानांच्या लेखकांना अंशतः मोबदला देऊ केला.

तथापि, कुलूप बदलले की चोर किल्लीही बदलतो. २०१६ च्या अखेरीस सिडनी विद्यापीठातील क्रिस्टोफर नातोली आणि व्हिन्सेंट ग्रामोली यांनी ‘तोलाचा हल्ला’ मांडून दाखवला. हल्लेखोराने निम्मी निम्मी शक्ती असलेल्या दोन गटांमधील दळणवळण थोडा वेळ रोखून धरले, तर दोन्ही गट आपापली शाखा वाढवीत राहतात. तराजूची दोन्ही पारडी समान झाली की ती झुकवायला चिमूटभर वजन पुरते. एका शाखेवर व्यापाऱ्याला पैसे देऊन माल घ्यायचा आणि मग आपली थोडीशी शक्ती दुसऱ्या शाखेच्या पारड्यात टाकून ते पैसे पुसून टाकायचे, असा हा डाव आहे. बँकांच्या एका संघाच्या खासगी जाळ्याचे आकडे घेऊन एकटे यंत्र वीस मिनिटांत हा हल्ला करू शकेल, असा निष्कर्ष त्यांनी काढला. यावरून इतकेच सिद्ध होते की, श्रम मोजण्याची रीत सुधारता येते. वार्ता पोहोचण्यास लागणारा वेळ मात्र कोणत्याही रीतीने नाहीसा करता येत नाही.

घड्याळाशी खेळ

ही झाली संशोधकांच्या टेबलावरील गोष्ट. प्रत्यक्षात काय घडू शकते याचा धडा एप्रिल २०१८ मध्ये व्हर्ज या चलनाने दिला. व्हर्जचे पान दर तीस सेकंदांनी निघावे अशी योजना होती. कोडे सोडवण्याच्या पाच निरनिराळ्या पद्धती त्यात ठेवल्या होत्या. हेतू असा की, एका पद्धतीची यंत्रे कोणाच्या हातात एकवटली तरी इतर चार पद्धतींमुळे समतोल राहावा. योजना दिसायला उत्तम होती.

परंतु कोड्याची काठिण्यपातळी ठरवण्यासाठी पानावर लिहिलेली वेळ पाहिली जाई, आणि ती वेळ पान लिहिणाराच नोंदवी. जगभरच्या घड्याळांत थोडाफार फरक असणार, म्हणून सुमारे दोन तासांपर्यंतची तफावत चालवून घेतली जाई. दहा मिनिटांच्या पानांसाठी घालून दिलेली ही सूट तीस सेकंदांच्या पानांना फारच सैल पडली. हल्लेखोराने आपल्या पानांवर खोट्या वेळा टाकल्या. जाळ्याची समजूत झाली की पाने फार उशिराने निघत आहेत. त्याने कोडे सोपे केले, मग आणखी सोपे केले. कोडे सोडवण्याच्या एकाच पद्धतीचा आधार घेऊन हल्लेखोर जवळजवळ सेकंदाला एक पान लिहू लागला आणि प्रत्येक पानाचे बक्षीस खिशात घालू लागला. पाचांपैकी चार दरवाजे कुलूपबंद होते, पण त्याला एकच पुरला. चालकांनी घाईघाईने डागडुजी केली. मे महिन्यात पुन्हा तसाच हल्ला झाला, या खेपेला दोन पद्धती आलटून पालटून वापरून. कोणत्याही कार्यालयात हजेरीपटावरील वेळ कर्मचाऱ्याने स्वतःच लिहायची आणि त्या वेळेवरूनच त्याचा पगार ठरायचा, अशी व्यवस्था केली तर जे होईल तेच येथे झाले. एक आकडा बदलला की त्याच्यावर विसंबलेले इतर सारे आकडे नव्याने तपासावे लागतात, ही साधी गोष्ट वेगाच्या भरात राहून गेली.

तुंबलेला रस्ता

हल्ल्याचा हेतू दर वेळी चोरीच असतो असे नाही. सोलाना ही साखळी सेकंदाच्या जेमतेम चार दशांश भागात पान लिहिण्यासाठी आणि नगण्य शुल्कात हजारो व्यवहार पार पाडण्यासाठी रचलेली आहे. १४ सप्टेंबर २०२१ रोजी तिच्यावर एका नव्या नाण्याची विक्री सुरू झाली. नाणे आधी मिळावे म्हणून स्वयंचलित यंत्रांनी मागण्यांचा पाऊस पाडला. गर्दीच्या वेळी सेकंदाला चार लाखांपर्यंत मागण्या येत होत्या. प्रमाणित करणाऱ्या यंत्रांची स्मृती भरून गेली, त्यांच्यात एकमत होईना, आणि साखळी सुमारे सतरा तास बंद पडली. शेवटी चालकांनी आपसात बोलून, ठरवून, ती नव्याने सुरू केली. येथे कोणी शत्रू नव्हता. पण वाईट हेतूने कोणी हेच करू म्हटले असते तर त्यासही फार खर्च आला नसता. व्यवहार स्वस्त करणे म्हणजे उपद्रवही स्वस्त करणे होय. बिटकॉइनचे चढे शुल्क सामान्य माणसाला जाचक वाटते, तसेच ते उपद्रवी माणसालाही महाग पडते.

वेगाचा आणखी एक मार्ग म्हणजे लहानसहान व्यवहार मुख्य वहीत न नोंदता दोघांनी आपसात करायचे आणि अखेरचा हिशेब तेवढा वहीत चढवायचा. बिटकॉइनवरील ‘लाइटनिंग’ जाळे असेच चालते. लबाडी झाल्यास ठरावीक मुदतीत मुख्य वहीकडे दाद मागता येते, हा त्यातील मोठा आधार आहे. पण त्याच अवीव झोहर यांनी जोना हॅरिस यांच्यासह २०२० मध्ये दाखवून दिले की, हल्लेखोराने असे पुष्कळ हिशेब एकाच वेळी मोडले तर सर्वांना एकदम मुख्य वहीकडे धाव घ्यावी लागते. वहीच्या पानांत तेवढी जागा नसते. काहींची मुदत टळते आणि त्यांचे पैसे हल्लेखोराच्या हाती पडतात. एकाच दिवशी सगळे खातेदार खिडकीपाशी आले तर कोणत्याही बँकेची जी अवस्था होईल, ती ही. जलद रस्ता शेवटी संथ रस्त्याला येऊन मिळतो, आणि तुंबतो तो त्या जोडावर.

पुलावरील पहारेकरी

सर्वांत मोठ्या चोऱ्या मात्र झाल्या त्या दोन साखळ्यांना जोडणाऱ्या पुलांवर. संथ पण भक्कम साखळीवर पैसे तारण ठेवायचे, त्यांची पावती जलद साखळीवर चालवायची, आणि परतताना पावती फाडून मूळ पैसे सोडवून घ्यायचे, अशी या पुलांची रीत आहे. तारण एका जागी साठते, म्हणून चोराची नजरही तेथेच लागते.

रोनिनच्या पुलावर नऊ पहारेकरी होते खरे, पण त्यांतील चार किल्ल्या एकट्या स्काय मेव्हिसच्याच ताब्यात होत्या. फसव्या संदेशाच्या जाळ्यात एक कर्मचारी सापडला आणि चोरटे कंपनीच्या यंत्रणेत शिरले. चार सह्या हाती आल्या. पाचवी सही मिळण्याची कथा तर कोणत्याही जुन्या कारकुनाला ओळखीची वाटेल. नोव्हेंबर २०२१ मध्ये खेळाडूंची गर्दी अनावर झाली, तेव्हा खेळाडूंच्या एका संघटनेने आपल्या वतीने सही करण्याची परवानगी तात्पुरती कंपनीला दिली होती. डिसेंबरमध्ये ती व्यवस्था बंद झाली. परवानगी काढून घ्यायची मात्र राहिली. बदली झालेल्या अधिकाऱ्याची नमुना सही बँकेच्या दप्तरातून काढायची राहून जावी आणि तीच वापरून कोणी तिजोरी उघडावी, तसा हा प्रकार होता. गर्दीच्या वेळी घाईने दिलेली एक सवलत चार महिन्यांनी साठ कोटी डॉलरांना पडली.

हा विषय दूरदेशीचा आहे असेही नाही. इथेरिअमला वेग देण्यासाठी २०१७ साली मॅटिक या नावाने सुरू झालेली आणि आज पॉलिगॉन म्हणून ओळखली जाणारी योजना भारतीय तरुणांनी उभारली. तिच्या चाचणीसाठीच्या जाळ्याचे नावच कित्येक वर्षे ‘मुंबई’ होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये एका सुरक्षा-संशोधकाला तिच्या पुलात विलक्षण चूक आढळली. फाडलेल्या पावतीचा क्रमांक लिहिण्याच्या पद्धतीत एक सैलपणा होता. क्रमांकाची सुरुवात किंचित बदलली की तीच पावती नवी भासे आणि दोनशेहून अधिक वेळा वटवता येई. संगणकी चलनाने ज्या लबाडीवर मात केल्याचा दावा केला होता, ती एकच नाणे दोनदा खर्चण्याची लबाडी वेगाच्या वाटेने दोनशेपट होऊन परतली होती. पंच्याऐंशी कोटी डॉलर धोक्यात होते. चूक वेळीच कळवल्याबद्दल संशोधकाला वीस लाख डॉलर देण्यात आले आणि ती बुजवली गेली. त्याच वर्षी ३ डिसेंबरला दुसरी, याहून गंभीर चूक कळवली गेली. एकूण हजार कोटी नाण्यांपैकी नऊशे कोटींहून अधिक तिच्यामुळे उघड्यावर होती. ५ डिसेंबरला दुरुस्ती झाली, पण तेवढ्यात आठ लाख नाणी कोणी तरी लांबवली होती. ही हकिगत महिनाअखेरीस प्रसिद्ध करण्यात आली. दोन दिवसांत साऱ्या जाळ्यावर गुपचूप दुरुस्ती करता आली, ही तत्परता खचितच स्तुत्य. परंतु ज्या जाळ्यावर मूठभर माणसे दोन दिवसांत गुपचूप नियम बदलू शकतात, ते कोणाच्याही मर्जीवर अवलंबून नाही असे कसे म्हणता येईल?

थांबणे गेले कोठे?

इथेरिअमचे जनक व्हिटॅलिक ब्युटेरिन यांनी या पेचाची मांडणी पूर्वीच करून ठेवली आहे. विकेंद्रित सत्ता, सुरक्षितता आणि व्यवहारांची मोठी क्षमता, या तिन्ही गोष्टी एकदम साधणे कठीण. दोन घट्ट धराव्यात तर तिसरी निसटते. वरील प्रत्येक उदाहरणात हेच दिसते. यातून निघणारा निष्कर्ष मात्र थोडा वेगळ्या शब्दांत सांगता येईल. व्यवहार पक्का होण्यासाठी जे थांबावे लागते, ते कोणतीही साखळी नाहीसे करू शकत नाही. ती ते फक्त दुसरीकडे हलवते. इथेरिअमने सप्टेंबर २०२२ मध्ये आपली जुनी पद्धत टाकून नवी स्वीकारली. तिच्यात पान बारा सेकंदांनी निघते. पण ते कायमचे पक्के झाले असे म्हणायला सामान्यतः तेराएक मिनिटे लागतात. जलद साखळ्यांपैकी एका वर्गात आतले व्यवहार क्षणात होतात, पण पैसे मूळ साखळीवर परत आणताना, कोणाला आक्षेप घेता यावा म्हणून, सात दिवस वाट पाहावी लागते. या योजनांनी आपले थांबणे कोठे ठेवले आहे ते उघड सांगितले, हा त्यांचा प्रामाणिकपणा मानला पाहिजे. धोका आहे तो थांबणे मुळीच उरले नाही असे भासवणाऱ्यांकडून.

भारतात २०१६ पासून यूपीआयने सेकंदांत पैसे पोहोचवण्याची सवय लावली आहे, तेव्हा वेग आणि सुरक्षितता यांचे वैर आहे असे येथील वाचकाला सहसा वाटत नाही. पण तेथेही ग्राहकाला संदेश क्षणात मिळतो. बँकांमधील परस्परांचा हिशेब दिवसातून ठरावीक वेळा एकत्रितपणे चुकता होतो. मधल्या काळाची जोखीम बँका पत्करतात. चूक झाली तर दाद मागायला बँक आहे, लोकपाल आहे, कायदा आहे. हा वेग विश्वासाच्या उसनवारीवर चालतो आणि ती उसनवारी कोणाच्या नावे आहे हे कागदावर लिहिलेले असते. ब्लॉकचेनचा मूळ दावाच असा होता की, कोणावरही विश्वास ठेवण्याची गरज नाही. वेगासाठी तिने नऊ पहारेकरी, पाच सह्या, चालकांच्या आपसातील बैठका हे सारे आत घेतले. म्हणजे पुढच्या दाराने घालवलेला विश्वास मागच्या दाराने परत आणला. आणला याला हरकत नाही. परंतु विश्वासाबरोबर येणारी जबाबदारी मात्र दाराबाहेरच राहिली, ही खरी तक्रार आहे.

भारतापुरते पाहिले तर २०२२ च्या अर्थसंकल्पाने या चलनांतील नफ्यावर तीस टक्के कर बसवला आणि २०२३ मध्ये हे व्यवहार काळ्या पैशाविरुद्धच्या कायद्याच्या कक्षेत आणण्यात आले. सरकारने आपला वाटा आणि आपली देखरेख यांची तजवीज केली. गुंतवणूकदाराच्या संरक्षणाची तशी तजवीज झाली नाही, हे जुलै २०२४ मध्ये मुंबईत उदयास आलेल्या वझीरएक्स या बाजारातून सुमारे साडेतेवीस कोटी डॉलरांची नाणी चोरीस गेली तेव्हा दिसून आले. त्या घटनेत दोष जलद साखळीचा नव्हता. अनेकांच्या सह्यांनी उघडणारी तिजोरी तेथेही फसवणुकीने उघडली गेली होती. परंतु ग्राहकांना आपलेच पैसे काढण्यासाठी वर्षाहून अधिक काळ थांबावे लागले. सेकंदांच्या जाहिराती पाहून आलेल्या नोकरदारांना व विद्यार्थ्यांना हे थांबणे कोणी आधी सांगितले नव्हते.

म्हणून अशा कोणत्याही योजनेकडे पाहताना सेकंदाला किती व्यवहार होतात, हा प्रश्न दुय्यम मानला पाहिजे. व्यवहार पक्का कधी होतो, सह्या किती आणि त्या कोणाच्या हातात आहेत, मोठी रक्कम एकाएकी निघाली तर कोणाला कळते, आणि नोंद पुसली गेली तर भरपाई कोण करतो, हे प्रश्न आधी विचारले पाहिजेत. त्यांची उत्तरे छापील स्वरूपात ग्राहकापुढे ठेवण्याची सक्ती कायद्याने करणे अशक्य नाही. बँकेच्या ठेवपावतीवरही अटी छापलेल्या असतातच.

रोनिनची पुढील हकिगत या दृष्टीने उद्बोधक आहे. चोरीनंतर कंपनीने ग्राहकांच्या भरपाईसाठी गुंतवणूकदारांकडून पंधरा कोटी डॉलर उभे केले आणि जून २०२२ मध्ये पूल पुन्हा उघडला. या वेळी पहारेकरी वाढवले होते आणि एका वेळी व एका दिवसात किती रक्कम काढता येईल यावर मर्यादा घातली होती. अनेकांना ती जाचक वाटली असेल. ऑगस्ट २०२४ मध्ये पुलाची सुधारणा करताना पुन्हा एक चूक झाली आणि किती सह्या हव्यात याचा हिशेबच यंत्रणेला लागेना. सुमारे एक कोटी वीस लाख डॉलर बाहेर गेले आणि तेथेच थांबले, कारण मर्यादा आड आली. पैसे काढणारे सुदैवाने सद्हेतूचे निघाले व त्यांनी ते परत केले. पुलावर त्या वेळी याच्या कितीतरी पट रक्कम होती. ती वाचली, याचे श्रेय कोणत्याही नव्या गणिताला नाही. दोन वर्षांपूर्वी मुद्दाम पत्करलेल्या संथपणाला आहे.